सिद्धम्माच्या उन्हातली भिंत

तनुजाचं एकही चित्र वर्षभर टिकलं नव्हतं. विष्णुपुरीच्या रस्त्याला तिने काढलेल्या बगळ्यांवर सिमेंटची जाहिरात आली. लातुरात तिच्या मोरावर कोचिंग क्लासने आपल्या गुणवंतांचे फोटो चिकटवले. "मोराची चोच एका पोराच्या कानातून निघाली होती," असं ती सांगते आणि स्वतःच हसते. पण कुठंतरी एक चित्र राहावं, ही आस काही हसण्यावारी जात नव्हती.

तिचे वडील शेषेराव हदगावच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. निळीत बुडवलेली दोरी भिंतीवर ताणायची, मधोमध चिमटीत धरून सोडायची. सट्‌कन सरळ रेघ उमटते. ही हातोटी त्यांची. तिशीतली तनुजा अजून तशीच आखते. दुसरं टोक धरायला कुणी नसलं तर खिळ्याला बांधते.

निलंग्याजवळच्या एका गावात सरपंच उमाशंकर यांनी तिला समाजमंदिराची भिंत दिली. दक्षिणेला तोंड, समोर एसटीचा रस्ता. भिंतीवर गोल गोल डाग होते. तनुजाने ते खरवडले आणि खालपासून वरपर्यंत पांढऱ्या ऑइलपेंटचा हात मारला.

पेंट वाळल्यावर येऊन बघते तर सिद्धम्मा नावाची एक म्हातारी भिंतीवर गवऱ्या थापत होती. थापलेली गवरी क्षणभर थांबायची आणि घसरत खाली यायची. पायथ्याशी शेणाचा ढीग झालेला.

"अक्का, हे काय करून राहिल्या?"

"तूच सांग. काय फासलीस गं भितीला? तेल?" सिद्धम्माने मागे वळूनही पाहिलं नाही.

"चित्र काढायचंय. भिंत पंचायतीची हाय. सरपंचांनी दिली."

"भित दिली असंल. ऊन कुणी दिलं तुला? एवढं ऊन गावात दुसऱ्या भितीला न्हाई. माझी सासू हितंच थापायची."

तेवढ्यात उमाशंकर आले. "सिद्धम्मा, गाव सुंदर करायलोत आपण."

"कर की. अन् भाकरी काय चित्रावर भाजू?"

सरपंच मिशीतल्या मिशीत हसत निघून गेले. तनुजा समोरच्या दगडावर बसून राहिली. ही भिंतही गेली, एवढंच तिच्या मनात होतं. मग तिचं लक्ष आजूबाजूच्या घरांकडे गेलं. प्रत्येक भिंतीवर कागद चिकटवलेले: उमेदवार, क्लास, बोअरवेलवाले.

"अक्का, तुमच्या भिंतीवर आधीबी कागद कसा नव्हता?"

"लावून बघावा की कुणी. माझा हात शेणाचा हाय."

तनुजा उठली. "हात वर करा बरं. कुठवर पुरतो?"

सिद्धम्माने कपाळाला आठ्या घालत हात वर केला. तनुजाने तिथेच दोरी ताणली आणि सोडली. निळी रेघ उमटली. रेघेखालचा सगळा ऑइलपेंट तिने पत्र्याने खरवडून काढला. तळहाताला फोड आले तर चिंधी बांधली. तिथं हिरवी भुकटी कालवलेला चुना दिला. चुन्यावर शेण धरतं. रेघेच्या वर एक बसलेली बाई रंगवली, छतापर्यंत उंच, रस्त्याकडं बघणारी.

"खाली नुसतं हिरवंच?" सिद्धम्माने विचारलं.

"ते तिचं लुगडं. बुट्ट्या तुम्ही काढायच्या."

"मला कुठं गं चित्र येतं?"

"गवऱ्या थापा."

आज एसटीतून जाताना ती बाई दिसते. लुगड्यावर ताज्या बुट्ट्या, काढलेल्या गवऱ्यांचे फिकट डाग, मध्येच उमटलेली पाच बोटं. पावसाळा सरला की तनुजा जाऊन चुन्याचा हिरवा हात पुन्हा देते. गेल्या वर्षी क्लासचा एक माणूस खळीचा डबा घेऊन भिंतीपाशी आला. सिद्धम्मा हात न धुताच उठली. "कुठं लावतूस रे? बाईच्या लुगड्यावर?" तो पुढच्या भिंतीकडे गेला.

तनुजा नांदेडहून अधूनमधून तिला फोन लावते.

"अक्का, चित्र हाय का?"

"हाय की. लुगडं वाळायलंय."