मनूची टाळी

खरं सांगते, त्या गुरुवारी मी दत्ताच्या देवळात दर्शनाला नाही, भांडायला गेले होते. माझी साडेतीन वर्षांची मनू आरतीला टाळ्या वाजवायची, ठेका चुकवत, पण अगदी मन लावून. उजवा हात भाजल्यापासून चार महिने तिने टाळी वाजवली नव्हती. हात फ्रॉकखाली लपवायची, डॉक्टरांनासुद्धा धड दाखवायची नाही. त्या एका टाळीसाठी माझा जीव नुसता तुटायचा.

मी सातपूरला कंपनीत कामाला जाते, तेव्हा मनू पाळणाघरात असायची. तिथल्या वहीत दोन सह्या कराव्या लागत: सकाळी मूल सोपवल्याची आणि संध्याकाळी सुखरूप मिळाल्याची. संध्याकाळी दारात गर्दी होते म्हणून आम्ही सगळ्या आया दोन्ही सह्या सकाळीच ठोकून मोकळ्या व्हायचो. केवढी ती अक्कल! त्या दिवशी न्यायला गेले तर मनूचा हात ओढणीत गुंडाळलेला. "थोडा चटका बसलाय," पाळणाघराच्या बाई म्हणाल्या. दवाखान्यात ओढणी सोडली, तर तळव्यापासून बोटांपर्यंत कातडी सोललेली. मी ग्राहक आयोगात तक्रार केली, तर बाईंनी ती वहीच पुढे केली. मूल सुखरूप नेलं, ही बघा आईची सही. घरी भाजलं असेल! घरी? माझ्या हातून? हळूहळू नातेवाईकही माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले.

सोमवारी सुनावणी होती आणि माझ्याकडे नुसत्या शब्दाशिवाय काही नव्हतं. देवापुढे उभी राहून म्हणाले, "तुला तर दिसलं होतं ना? मग गप्प का बसलास?" रडून रडून दमले. शेवटी म्हटलं, बाबा रे, माझ्याच्याने आता होत नाही, तूच बघ.

बाहेर आले तशी मनू माझा हात सोडून पायरीवरच्या फुलवाल्या मावशींकडे गेली. फ्रॉकखालून तिने उजवा हात काढला आणि आपणहून त्यांच्यापुढे धरला.

"आगं माझी बाय! बरा झाला का गं?" मावशी म्हणाल्या. दर गुरुवारी त्या पाळणाघरात हार द्यायला जायच्या. "गरम पेजेचं पातेलं खालीच ठेवलं व्हतं. हिनं हात घातला. मीच पळत जाऊन नळाखाली धरला. लय रडली पोर."

"मावशी, हे आयोगात सांगाल?"

"का नाय सांगणार? माझ्या डोळ्यांदेखत झालंय. त्यांचा हार बंद झाला तर होऊ दे."

सोमवारी त्या आल्या. माझ्या वकिलांनी त्यांचं म्हणणं शपथेवर लिहून घेतलं आणि पुढे निकाल आमच्या बाजूने लागला. योगायोग म्हणायचा तर म्हणा, मी वाद घालणार नाही.

मनूची दोन बोटं मात्र पूर्ण सरळ होणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. मी तरी मागतच होते, देवा, तिचे दोन्ही हात दे. परवा संध्याकाळी घरी आरती सुरू झाली आणि तिने माझा हात ओढला, तळवा वर केला आणि त्यावर आपल्या डाव्या हाताने टाळी वाजवायला लागली. तसाच ठेका चुकवत. दत्ताच्या तसबिरीसमोर तशीच उभी राहिले, हात तिच्या हवाली करून.