चंद्रावरची लढाई आणि माझा बा

माझ्या बाला दंडाला धरून तंबूबाहेर काढलं, तेव्हा मी पडद्यामागं क्लॅरिनेट वाजवत होतो. बाचा आवाज कापडातून ऐकू आला. "तिकीट हाय माह्यापाशी. हे पाहा ना, तिकीट हाय."

अकोल्यात, मोर्णा नदीच्या काठी तो सिनेमाचा तंबू लागला होता. चित्रं मुकी. गाणं-बजावणं आम्ही जिवंत करायचं. त्या हंगामात विलायतेचं एक चित्र आलं. लोखंडी यान चंद्रावर जातं, तिथं लोखंडी माणसांशी लढाई होते. मालक म्हणाला, "याले असं वाजव, का लोकं जाग्यावरून उठले पाह्यजे."

चंद्र कसा वाजतो? मला काय ठाऊक. मी घरी, मांगवाड्यात येऊन बाला विचारलं. बा जन्मभर सनई वाजवलेला माणूस. आता छातीत दम उरला नव्हता. तो म्हणाला, "तुही माय जिनात कामाले होती. ते इंजन आठव."

तसंच केलं. यान उडताना ताशा आणि ढोल कापसातून सरकी काढणाऱ्या जिनाच्या इंजनासारखे धडधडायचे. लढाईत आमच्यातले रहीमचाचा फिडलवर गज असा ओढायचे की अंगावर काटा यायचा. आणि चंद्रावरून आपली धरती दिसायची, एवढीशी, तिथं सगळे थांबायचे. मी एकटा बाची धून धरायचो. लेक सासरी निघाली की बा सनईवर वाजवायचा ती. तंबूत बाया रडायच्या.

आम्हाला मात्र पडद्यामागं बसवलेलं. समोर बसलो तर लोक तक्रार करतात, असं मालकाचं म्हणणं. चित्र आम्हाला उलटं दिसायचं. उजव्या हातातली तलवार डाव्या हातात. आम्ही त्याच्यावरच वाजवायचो.

एक दिवस बा म्हणाला, "समोरून आयकाव वाटते रे. एक डाव."

मी तिकीट काढून दिलं. रविवारी संध्याकाळी तो धुतलेलं धोतर नेसून आला, पुढं रेतीवर बसला. धरती दिसली, मी धून धरली, आणि बाच्या तोंडून मोठ्यानं निघालं, "वा!"

त्या एका शब्दानं घात केला. शेजारचा माणूस वळला. त्याच्या घरच्या लग्नात बानं वाजवलं होतं. तो ओरडला, "हा तं मांग होय! याले इथं कोनं बसवलं?"

पुढचं वर सांगितलं. मालक धावत गेला, बाला म्हणाला, "तुमचं वाजवनं चालते. बसनं नाई चालत."

मी क्लॅरिनेट तोंडातून काढलं. रहीमचाचांनी गज खाली ठेवला. ताशा थांबला. पडद्यावर लोखंडी माणसं बिनआवाजाची मारामारी करत राहिली. लोक शिट्ट्या मारायला लागले.

मालक मागं आला. "वाजव बे!"

"माह्या बाले आंधी त्याच्या जाग्यावर बसवा."

"तंबू जाळतीन लोकं माह्या!"

"मंग राहू द्या मुकं."

मी पडदा उचलला आणि समोरून, सगळ्यांच्या मधून चालत बाहेर गेलो. माझी सावली पडली चंद्रावर. शिव्या पडल्या पाठीवर.

बा टांग्यांच्या अड्ड्यापाशी उकिडवा बसला होता. तिकीट मुठीत. मला पाहून म्हणाला, "कावून थांबला तू? वापस आले का रे ते लोकं, चंद्रावरून?"

मी त्याच्याशेजारी टेकलो. म्हटलं, "बा, राह्यलेलं इथंच वाजवून दाखवतो."

"नको," तो म्हणाला. "रस्त्यावर तं जिंदगीभर वाजवलं."

वाटेत तो दोनदा बसला. उन्हाळा लागायच्या आत बा गेला. आपली धून त्यानं समोरून ऐकली ती तेवढीच, अर्धी.

मालकाचा निरोप आला होता. गेलो नाही. मग अमरावतीच्या एका थेटरवाल्यानं बोलावलं. तिथं जाऊन मी आधी विचारलं, "माही मानसं कोठी बसतीन?" तो हसला. मी आल्या पावली स्टेशनावर गेलो.

आता जिनात गाठी उचलतो. खांदे सोलतात. माझ्याबरोबर वाजवणारे ताशेवाले चिडतात, उपाशी मारशील म्हणतात. मारीन. पण जिथं माझ्या माणसाला बसायला जागा नाही, तिथं मी क्लॅरिनेट फुंकणार नाही. लग्न असो, देवाची पालखी असो, साहेबाचा दरबार असो. विचारायला येईल त्याला दारातच सांगतो. आधी जागा दाखव.