आवतन दिलेले बैल

पालमला आमच्या कचेरीसमोर चहाचा गाडा लावणाऱ्या मावशींना सरळ उत्तर देणं ठाऊकच नाही. चहाला उशीर का, असं विचारलं की म्हणतात, "उकळायलाय. तुमच्या फायलीवानी झोपला न्हाई." कचेरीच्या जुन्या दाराच्या दोन्ही बाजूंना चुन्यात घडवलेले बैल आहेत. रोज आल्याबरोबर मावशी पदरानं त्यांच्या तोंडावरची धूळ पुसतात आणि मगच स्टोव्ह पेटवतात.

यंदा दर्शनी भिंतीला टाइल्स लावायचं ठरलं. बैल आड येत होते, म्हणून ते फोडायचे. मी साहेबांशी भांडून पाहिलं, पण ते ऐकेनात. मावशी मात्र रोजच्यासारखी बैलांची तोंडं पुसत राहिल्या.

मिस्त्री छन्नी-हातोडा घेऊन आला, तो नेमका पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला. मावशी वाटीत तूप-हळद घेऊन पुढं झाल्या. दोन्ही बैलांचे खांदे त्यांनी सावकाश मळले आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

मिस्त्रीनं हातोडा खाली ठेवला आणि तो दारात उभ्या असलेल्या साहेबांना म्हणाला, "सायेब, जेवायला बोलावलेल्या बैलावर हात कसा उचलू? मला न्हाई जमायचं."

साहेबही शेतकऱ्याचंच पोर. ते खाली बघत म्हणाले, "बैल सोडून लावा टाइल्स."

माझा जीव भांड्यात पडला. पोळ्याला बघतो तर दोन्ही बैलांच्या तोंडाला पुरण लागलेलं. "मावशी, वाचले बघा," मी म्हटलं.

"मरतेत कसे? जेवायचे राह्यले होते की!"