दादाच्या रिकाम्या खाटेवरचा ‘व्हय’

“बा देवा म्हाराजाऽऽ!”

“व्हय म्हाराजा!”

“माझ्या भावाच्या किडनीचो अडलेलो कारभार मोकळो कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“लघवीची पिशवी काठोकाठ भरान दे रे म्हाराजा!”

“व्ह— मेल्या, देवाकडे मूत मागतंस?”

ओरडत होतो मी, आणि शेवटी खवळले ते आमचे शेजारी तात्या. डिलाईल रोडची आमची चाळ, तिसरा मजला, माझ्या थोरल्या भावाची खोली. सकाळचे सव्वाअकरा, लख्ख ऊन. खोलीत आम्ही दोघंच... हे नीट लक्षात ठेवा.

मंडळी, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. चाळीच्या गणपतीत तीस वर्षं गाऱ्हाणं मी घालतो, ते भक्तीमुळे नव्हे – माझा आवाज शीवपर्यंत जातो म्हणून. एका वर्षी माझ्या पहिल्याच आरोळीला गटारातली घूस बेशुद्ध पडली होती. (तात्या म्हणतात, ती आधीच मेलेली होती.) तर मी असा माणूस. पण पुढच्या हकिकतीला मीठमसाला लावलेला नाही, गळ्याशप्पथ.

हा माझा थोरला भाऊ, दादा, रे रोडच्या कारखान्यात चाळीस वर्षं लेथ मशीनवर होता. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला तेव्हाच तो लिव्हरपर्यंत पोचलेला. चौथ्या केमोनंतर उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी पार गेलं आणि किडन्यांनी संप पुकारला. क्रिएटिनीन सहाच्या वर. परळच्या हॉस्पिटलात दोन दिवस सलाईन चालू होतं, पण पलंगाला लटकवलेल्या पिशवीत जेमतेम चमचाभर तांबूस पाणी. वहिनी दर तासाला वाकून बघायची आणि परत स्टुलावर बसायची. डॉक्टर म्हणाले, “संध्याकाळपर्यंत बघू. किडनी सुरू झाली नाही तर... डायलिसिस त्यांना झेपेलसं वाटत नाही. आणि केमोचा विषयच संपला.”

मी दादाचे धुतलेले सदरे न्यायला घरी आलो होतो. देव्हाऱ्यापुढे उभा राहिलो आणि रडू फुटायचं तिथे गाऱ्हाणं फुटलं. आवाज ऐकून तात्या धावत आले. आमच्या कोकणात एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय’ म्हणायचं. नुसतं एकट्याचं मागणं देव धरत नाही म्हणे.

“तात्या, मग दुसरं काय मागू?” मी म्हटलं.

तात्यांनी पंच्याने डोळे पुसले. “बरां. परत म्हण.”

मी परत म्हटलं. आणि ‘व्हय म्हाराजा’ दोन आवाजांत आलं.

एक तात्यांचा. दुसरा दादाच्या रिकाम्या खाटेकडून – खरखरीत, शेवट लांबवलेला. मशीनच्या गोंगाटावर ओरडून ओरडून बसलेला तो घसा. साठ वर्षं ऐकलाय मी.

मी तात्यांकडे बघितलं. ते पांढरेफटक पडले होते. “मी एकटोच म्हणत होतंय,” एवढंच म्हणाले. आणि हा माणूस जन्मात कधी वाढवून बोलत नाही. पंगतीत बासुंदी वाढली तरी “गोड आसा” म्हणून गप्प बसतो.

तेवढ्यात वहिनीचा फोन.

“भाऊजी, आलं... पिशवीत आलं! आणि हे बोलले हो. दोन दिवस डोळा उघडला नव्हता, आणि एकदम मोठ्यानं ‘व्हय’ म्हणाले. नर्सबाई दचकली, विचारते, ‘काका, काय पाहिजे?’”

डॉक्टर म्हणाले, सलाईन लागू पडलं. पडलं असेल. त्याला माझी ना नाही. पण तो आवाज? आठवड्याने दादा घरी आला तेव्हा मी सगळं रंगवून सांगितलं आणि विचारलं, “खरं सांग, तूच म्हणालास ना?” त्याने पेजेची वाटी पुढे केली. “ह्यात मीठ नाय.”

पाचवी केमो झालीच नाही. लिव्हरने ती होऊ दिली नाही. पाच आठवड्यांत दादा गेला... आणि किडन्या शेवटच्या दिवसापर्यंत चोख. रिपोर्ट बघून डॉक्टरांनाही नवल वाटलं. देवाने माझं मागणं तंतोतंत पाळलं होतं – मी मागितलं तेवढंच.

हे आजवर कुणालाच उलगडलेलं नाही, मलाही नाही. पण तेराव्याची माणसं पांगल्यावर मला राहवेना. वहिनी दादाच्या औषधांचा डबा रिकामा करत होती.

“वहिनी, चुकलं माझं,” मी म्हटलं. “जन्मभर डोंगराएवढ्या थापा मारल्या, आणि मागायची वेळ आली तेव्हा एक किडनी मागितली. अख्खा दादा मागायला हवा होता.”

तिने डब्याचं झाकण लावलं.

“मोठं मागितलं असतंत, तर ते व्हय म्हणाले नसते,” ती म्हणाली. “थकले होते.”