कोरा डाग
थिनरचा वास आला की सौदीतल्या रास तनुरातला तो सुट्टीचा शुक्रवार आठवतो. मी रिफायनरीत टाक्या रंगवायचो आणि आमचा म्हातारा स्वीडिश इन्स्पेक्टर सुट्टीला किनाऱ्यावर बसून समुद्राची चित्रं काढायचा. टाकीवर नखाएवढी जागा कोरी राहिली तरी तो सगळं खरवडायला लावी. त्या दिवशी तो प्यायचं पाणी आणायला उठला आणि मला त्याच्या समुद्रात एक कोरा डाग दिसला. सवयीनं मी त्याचाच ब्रश उचलून तो निळा भरून टाकला. परत आल्यावर त्यानं वाकून चित्र पाहिलं. “ते पाण्यावरचं ऊन होतं,” एवढंच इंग्रजीत म्हणाला. मला वाटलं, नोकरी खलास! त्यानं नुसता ब्रश थिनरमध्ये बुडवला. तो वारल्यावर त्याच्या गावी चित्रांचं प्रदर्शन भरलं, त्या प्रदर्शनाचा फोटो परवा त्याच्या मुलीनं पाठवला. भिंतीवर तोच समुद्र होता. माझा निळा डाग त्यानं खरवडला नव्हता.