जळक्या तेलाचं विमान

माझा थोरला भाऊ, दादा, म्हणजे हॉटेलांच्या मागच्या दारानं आत जाणारा माणूस. पुढच्या दारानं तो कधी गेला असेल तर मला ठाऊक नाही. तळून तळून काळं पडलेलं तेल डब्यांत भरायचं, टेम्पोवर चढवायचं आणि साबणाच्या कारखान्यात नेऊन ओतायचं, यात त्याची हयात गेली. वहिनी गेल्यावर त्याचे शर्ट धुवायला कुणी तयार होईना, इतका वास मुरलेला. मीच धुते, आणि धुताना त्याला चार शब्द ऐकवते. तो हसतो.

पुढे साबणाचा कारखाना बंद पडला आणि तेच तेल विमानाचं इंधन करणाऱ्या प्रकल्पात जाऊ लागलं. जमिनीतून उपसलेल्या तेलाऐवजी हे जाळलं तर हवेत जाणारा कार्बन पुष्कळ कमी होतो, असं तिथल्या साहेबानं सांगितलं. झालं! दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला आभाळ दाखवू लागला, "ते बघा, आपलं तेल चाललंय." मी म्हणायचे, "दादा, पाय जमिनीवर ठेव, टेम्पो चालवायचाय."

त्याच्या आनंदाचं खरं कारण त्याची लेक होती. ती दूर देशात जंगलांचा अभ्यास करते. विमानाच्या एका फेरीत, कार्बन वाचवायला आपण वर्षभर केलेल्या काटकसरीवर पाणी पडतं, म्हणून तिनं विमानात बसणंच सोडलं होतं. कित्येक वर्षं बाप लेकीला फोनच्या काचेतून बघत होता. मला या हट्टाचा मनस्वी राग यायचा. सगळं जग उडतंय आणि पृथ्वीचा भार एकट्या हिच्या डोक्यावर! दादानं मात्र कधी आग्रह केला नाही. पण विमान कंपनीनं आपल्या इंधनात या प्रकल्पाचं इंधन मिसळायला सुरुवात केली, तेव्हा तो तिला म्हणाला, "आता ये गं. तेल मी पाठवतोय." ती खळखळून हसली आणि चक्क तिकीट काढलं. दादानं तिच्या खोलीला स्वतः रंग दिला.

मग एका सकाळी तो एका खानावळीत नेहमीपेक्षा लवकर पोहोचला. भल्यामोठ्या कढईत नवंकोरं तेल धुरावत होतं. तळायला आत काहीच नव्हतं.

"हे काय चाललंय?"

"काका, जळक्या तेलाला नव्यापेक्षा जास्त भाव आलाय," खानावळवाला म्हणाला. "मग आम्ही जाळूनच देतो. सगळेच देतात. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

नव्हतं. हे स्वस्तातलं नवं तेल जंगलं तोडून लावलेल्या पामच्या झाडांचं असतं, एवढं मात्र लेकीनंच त्याला सांगितलेलं होतं. तो तसाच साहेबाकडे गेला.

साहेबानं दार लोटलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "काका, शहरातलं खरं जळकं तेल थेंब न् थेंब गोळा केलं, तरी विमानांना पुरणार नाही. आणि विमानं तर वाढतच चाललीत. मी ओरड केली तर प्रकल्प बंद पडेल आणि विमानं पूर्ण जुन्याच इंधनावर उडतील. तुम्हीच सांगा, काय करू?"

दादा तो प्रश्न घेऊनच घरी आला. मी अजून त्याचं उत्तर शोधतेय.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, बॅग भरतेय. तेल पाठवलंत ना?"

मी शेजारीच होते. हो म्हण, हो म्हण, म्हणून खुणा करत होते. दादानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळं सांगून टाकलं, कढईसकट.

ती रडत म्हणाली, "बाबा, आता मी कशी येऊ?"

"नको येऊस," दादा म्हणाला.

मी त्याच्यावर तुटून पडले. "एक शब्द खोटा बोलला असतास तर आभाळ कोसळलं असतं का?"

"तिनं विश्वासानं विचारलं गं," एवढंच तो म्हणाला, आणि टेम्पो धुवायला खाली गेला.

ती यायची होती त्या दिवशी मला राहवेना. हिच्यावाचून कुणाचं किती अडलं ते तरी कळू दे, म्हणून मी विमान कंपनीला फोन लावला. विमान वेळेवर उतरलं होतं. एकही जागा रिकामी नव्हती, असं तिथली बाई कौतुकानं म्हणाली.