जोडाखालचा फुटवा

आमच्या अंग्यो गावात घरटी एक तरी माळी. पण तोकुजीची बायको हात्सुए मात्र जन्मभर मोज्यांच्या कारखान्यात राबली. झाडातलं तिला ओ की ठो कळत नसे. तोकुजी गेला, रोपवाटिका पुतण्यांनी विकून टाकली आणि बाईला उरला तो अंगणातला मेपल. जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या फांद्यांचा, लग्नाच्या वर्षी तोकुजीनं स्वतः कलम बांधलेला. एवढा जगला की मला बाकी काही नको, असं ती सगळ्यांना सांगायची.

फेब्रुवारीत तोकुजी गेला आणि एप्रिलमध्ये बुंध्याशी एक फुटवा आला, सरळ ताठ. उन्हाळ्यात ओबोनचा सण आला तोवर तो कमरेला लागला. या दिवसांत पितर घरी येतात. तोकुजीचं तर हे पहिलंच वर्ष. हात्सुएनं दारात जाळ करून त्याला वाट दाखवली, आणि फुटव्याकडे बघता बघता तिची खात्रीच पटली. आले, हेच आले! तिनं फुटव्यापुढे काकडीचं लोणचं आणि साके दारूची वाटी ठेवली.

शेजारचा शिगेमात्सू, तोकुजीचा जुना जोडीदार, हे बघून चरकला.

“वहिनी, हा काढा आधी. कलमाच्या जोडाखालून आलाय. खालचा खुंट रानटी असतो, वरच्याला उपाशी मारील.”

“हात तर लावून बघा, भावजी! चाळीस वर्षं यांच्याबरोबर ढोसलीत, आणि आता यांनाच कापायला निघालात?”

“अहो, झाड आहे ते!”

“तुमच्यासाठी!”

बिचारा पुन्हा दोनदा आला. दुसऱ्यांदा तर तिनं कडीच घातली. माणसानं हट्टी तरी किती असावं! फुटव्याला ती पेंड घालायची, वादळात बांबूचा आधार द्यायची, घरात काय शिजलं तेही सांगायची. वरची पानं दरवर्षी विरळ होत होती. झाडालाही यांच्या जाण्याचं दुःख आहे, म्हणायची.

चौथ्या वसंतात फुटवा छपराच्या वर गेला. लोंबत्या फांद्यांवर मात्र एक कोंब नाही. तिनं डहाळी वाकवली, ती कट्कन मोडली. मग ती अनवाणीच शिगेमात्सूकडे धावली.

त्यानं येऊन नखानं साल खरवडली. आत सगळं कोरडं.

“गेलं, वहिनी.”

“पण हे होते तेव्हा असा फुटवा कधीच आला नाही. म्हणून तर मला वाटलं...”

“दरवर्षी यायचा.” शिगेमात्सूला तिच्याकडे बघवेना. “सकाळी तोंड धुवायला बाहेर आला की तोकुजी अंगठ्यानं खुडून टाकायचा.”

“मला कधी बोलले नाहीत.”

“त्यात काय बोलायचं? माळ्याच्या हाताची सवय ती.”

हात्सुए तिथेच मातीत बसली. “मी त्यांचं झाड मारलं हो, भावजी. त्यांच्याच नावानं मारलं.”

शिगेमात्सू घरी जाऊन करवत घेऊन आला. वाळलेलं झाड कापू की फुटवा, म्हणून त्यानं दोनदा विचारलं. तिला सांगता येईना.